गेमिंग लॅपटॉप तापतो, अडखळतो: मदरबोर्ड बदलण्याआधी वेग कोण कापतोय ते बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बेळगावच्या वडगावात घर, खाली माग, वर तुझी खोली. तीनेक वर्षांचा गेमिंग लॅपटॉप, आय७-१२७००एच प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स. पूर्वी गेम सेकंदाला ८०-९० फ्रेमवर चालायचा. आता पहिली दहा मिनिटं बरी जातात, मग एकदम ३० वर कोसळतो, थोडा सावरतो, पुन्हा कोसळतो. प्रोसेसर ९७ अंशांवर. एका दुकानात चिपवरची, उष्णता बाहेर वाहून न्यायला मदत करणारी पेस्ट बदलून घेतलीस, महिनाभर बरं वाटलं, मग परत तेच. दुसऱ्या दुकानात सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल." आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तू आणखी दोन गोष्टी लिहिल्यास: दिवाळीत चार्जर जळाला म्हणून बाजारातून तशाच पिनचा दुसरा घेतला, आणि खेळताना चार्जर लावलेला असूनही बॅटरीचे टक्के उतरतात.

माझ्या मते तुझ्या सगळ्या लिहिण्यात त्या शेवटच्या दोन ओळी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. मदरबोर्डाला आत्ता कुणाला हात लावू देऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपला दोन दुखणी आहेत असं मला दिसतंय, एक उष्णतेचं आणि दुसरं विजेचं. दोन्ही खेळतानाच दिसतात म्हणून तुला ते एकच वाटतंय, आणि दुकानदारानेही एकच समजून सगळ्यात महाग उपाय सांगितला.

आमच्या दुरुस्तीच्या काउंटरवर गिऱ्हाईक येतं ते "लॅपटॉप लई तापूलाय बघा" म्हणत. स्लो झालाय हे नंतर सांगतात, आणि तापल्यामुळेच स्लो झालाय हे त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. पुष्कळदा ते खरं असतं, पण नेहमी नाही. तापणं आणि मंदावणं या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून तपासाव्या लागतात. तुझ्या प्रोसेसरसाठी इंटेलने ठरवलेली कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. त्याची मूळ वीज ४५ वॅट, पण टर्बोमध्ये, म्हणजे थोड्या वेळासाठी वेग वाढवतो तेव्हा, तो ११५ वॅटपर्यंत ओढू शकतो. एवढ्या विजेची उष्णता लॅपटॉपच्या पातळ खोक्यातून सतत बाहेर काढणं फार थोड्या मशीनना जमतं, त्यामुळे प्रोसेसर मर्यादेजवळ जातो आणि स्वतःच आपली वीज कमी करत तिथे टिकून राहतो. तो बनवलाच तसा आहे. म्हणून नुसतं "९७ अंश" ऐकून मला निदान करता येत नाही. ९७ अंश किती वॅटवर, हे मला कळायला हवं. ९० वॅट ओढताना ९७ असेल तर कूलिंग आपलं काम चोख करतंय. ४० वॅटवरच ९७ होत असेल तर आत बिघाड आहे.

तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर नंतर, आधी मोजमाप. एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते उघडताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवड, खालचं लॉगिंगचं, म्हणजे आकडे फाइलमध्ये नोंदवत राहण्याचं, बटण दाब आणि नेहमीचा गेम नेहमीच्याच सेटिंगवर वीस-पंचवीस मिनिटं खेळ. नंतर ती फाइल एक्सेलमध्ये उघड. शंभरावर रकाने दिसतील, त्यांना घाबरू नकोस. तुला मोजकेच हवेत: प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसर पॅकेजची वीज, कोअरचा क्लॉक (म्हणजे वेग), ग्राफिक्सचं तापमान, ग्राफिक्सचा हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा), ग्राफिक्सची वीज, पंख्यांचे फेरे आणि बॅटरीचा चार्ज रेट. वेग का कापला गेला हे हो-नाहीत दाखवणारे रकानेही त्यात असतात. थर्मल, पॉवर लिमिट आणि प्रॉकहॉट (प्रोसेसरला तातडीने वेग कापायला लावणारा इशारा) हे शब्द शोध.

आता ज्या क्षणी फ्रेम कोसळल्या ती ओळ शोध आणि त्या क्षणी तापमानाचं काय झालं ते बघ. उष्णतेमुळे वेग कापला जात असेल तर तापमान मर्यादेला चिकटून राहतं आणि क्लॉक हळूहळू खाली घसरत जातो, ३.८ गिगाहर्ट्झवरून ३.२, मग २.८ असा. वीज कमी पडल्यामुळे कापला जात असेल तर उलट घडतं: क्लॉक आणि ग्राफिक्सची वीज एका झटक्यात पडते आणि पाठोपाठ तापमानही ९७ वरून ७५-८० वर येतं, कारण आता कुणी काम करतच नाही. फ्रेम पडल्या आणि त्याच वेळी मशीन थंड झालं, तर दोष उष्णतेचा नाही. मी कुठलाही लॉग वाचताना पहिल्यांदा हीच जागा बघतो. तू लिहिलंयस तसं "एकदम ३०, मग सावरतो, पुन्हा ३०" हे दुसऱ्या प्रकाराचं वर्णन आहे. उष्णतेची घसरण इतकी टोकदार सहसा नसते.

त्यातच बॅटरीचा चार्ज रेट बघ. चार्जर लावलेला असताना तो आकडा शून्याच्या खाली, समजा उणे २० वॅट दिसला, तर चार्जर पुरत नाही आणि उरलेली वीज बॅटरी पुरवतेय. काही लॅपटॉप पूर्ण भाराला बॅटरीची थोडीशी मदत घेतात, ती त्यांची रचनाच असते. पण तासाभराच्या खेळात तुझे टक्के डोळ्यांदेखत उतरत असतील तर ती मदत नव्हे, तूट आहे.

चार्जर उलटा करून त्यावरचं लेबल वाच. "आउटपुट" लिहिलेल्या ओळीतले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. आय७ आणि आरटीएक्स ३०६० असलेल्या मशीनबरोबर बहुतेक २३० वॅटच्या आसपासचा चार्जर येतो, म्हणजे लेबलवर २० व्होल्ट, ११.५ अँपिअर असं काहीसं. बाजारातल्या तशाच पिनच्या चार्जरवर पुष्कळदा १९.५ व्होल्ट, ७.७ अँपिअर असतं, म्हणजे १५० वॅट. पिन बसते, चार्जिंगचा दिवा लागतो, वर्ड-एक्सेलला काही फरक पडत नाही, म्हणून संशय येत नाही. पण खेळताना प्रोसेसर ४५ ते ६० वॅट, ग्राफिक्स १०० ते ११५, स्क्रीन, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी वीस-पंचवीस, आणि वाटेतली गळती धरली की आकडा १८०-२०० च्या घरात जातो. दीडशे वॅटच्या चार्जरवर हा हिशेब बसत नाही. भार मर्यादेबाहेर गेला की मदरबोर्डावरचा कंट्रोलर ग्राफिक्सची वीज कापतो, भार उतरला की सोडतो, पुन्हा कापतो. तुझ्या फ्रेम याच तालावर वरखाली होत असणार.

काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन ओळखीची असते. तिच्यावरून लॅपटॉपला कळतं की किती वॅटचा चार्जर लागलाय. ती ओळख पटली नाही तर मशीन प्रोसेसरला ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहूनही खाली बांधून ठेवतं. तापमान ५५ आणि तरी प्रॉकहॉटच्या रकान्यात "हो", असं दिसलं तर ते बहुधा हेच. टाइप-सीचा ६५ किंवा १०० वॅटचा चार्जर लावून गेम खेळणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. तो प्रवासात फाइल उघडायला ठीक, खेळायला नाही.

म्हणून तुझा पहिला खर्च मूळ वॅटचा अस्सल चार्जर. इथे तो लगेच मिळेलच असं नाही, पार्ट पुष्कळदा कोल्हापूर, हुबळी नाहीतर थेट बेंगळुरूहून मागवावा लागतो. चार दिवस थांब, पण "चालतंय की" म्हणून समोर ठेवलेला हलका चार्जर पुन्हा घेऊ नकोस. तोवर निदान पक्कं करायचं असेल तर एखाद्या मित्राचा त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा आणि व्होल्टचा चार्जर तासभर लावून लॉग काढ. फ्रेम कोसळायच्या थांबल्या तर मदरबोर्डाचा विषय तिथेच संपला.

जुना चार्जर कशामुळे जळाला, हेही बघायला हवं. घरात माग आहेत. मागाच्या मोटरी चालू-बंद होताना त्याच लाईनवरचं व्होल्टेज हलतं, आणि गेलेली वीज परत येते तेव्हाचा झटका वेगळाच. चार्जर १०० ते २४० व्होल्ट सहज पेलतो, त्यामुळे कमी व्होल्टेजची फारशी चिंता नाही. चिंता अचानक चढणाऱ्या व्होल्टेजची आणि अर्थिंग नसलेल्या सॉकेटची. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे. खोलीचं सॉकेट मागाच्या लाईनपासून वेगळं करता आलं तर उत्तम. वीज गेली की चार्जर काढून ठेव, आल्यावर पाचेक मिनिटांनी लाव. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एवढा मोठा चार्जर गुणगुणतो आणि स्वतःच तापतो, त्यावर गेम खेळू नकोस.

आता उष्णतेकडे येऊ, कारण तेही दुखणं खरंच आहे. मशीन उघडण्याआधी एक साधी परीक्षा कर. गेम पंधरा मिनिटं चालू दे आणि प्रोसेसर नव्वदीच्या पुढे असताना मागच्या आणि बाजूच्या जाळीपाशी हात धर. हवा जोरात आणि चांगली गरम येत असेल तर उष्णता बाहेर पडतेय, मशीन फक्त भरपूर वीज ओढतंय. हवा गरम पण मंद येत असेल तर वाट तुंबली आहे, म्हणजे धूळ किंवा थकलेला पंखा. आणि आत ९७ अंश असताना बाहेर कोमट हवा येत असेल तर उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे ती हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांपर्यंत, पोचतच नाही. मग पेस्ट, हीटसिंकची बैठक किंवा उष्णता वाहून नेणारी तांब्याची हीटपाइप यांपैकी काहीतरी बिघडलंय. दोन्ही बाजूंची हवा वेगवेगळी तपास. एकच पंखा बंद पडलेला मी पुष्कळ मशीनमध्ये बघतो, आणि दुसऱ्याच्या आवाजामुळे मालकाला पत्ताच नसतो.

तापमान किती वेगाने चढतं तेही सांगून जातं. माफक भारालाही चार-पाच सेकंदांत ५० वरून ९५ वर उडी मारली तर पेस्ट किंवा बैठक. दहा मिनिटांत सावकाश चढत गेलं तर धूळ, पंखा किंवा खोलीची हवा.

तुझ्या घरात धूळ असणार हे न उघडताही सांगतो. वडगाव, खासबाग, शहापूर इथल्या मागाच्या घरांतले लॅपटॉप उघडले की आत साधी माती कमी आणि सुताचे बारीक तंतू जास्त. पंखा हवा ओढतो, तंतू पंख्यातून पार होतात आणि हीटसिंकच्या पातळ पात्यांच्या तोंडाशी अडतात. एकावर एक बसून तिथे नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा आणि हीटसिंक यांच्या मधल्या फटीत तो दडलेला असतो, म्हणून बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. पंखा सोडवून उचलला की चिमट्याने तो थर अख्खाच्या अख्खा निघतो, सहा-सात सेंटीमीटर लांब, राखाडी, मध्येच लुगड्याच्या रंगाचे धागे. तेवढा काढल्यावर पेस्टला हात न लावताही तापमान दहा-बारा अंशांनी उतरलेलं मी बघितलंय.

आपल्या भागात धुळीचे प्रकार इतके आहेत की मशीन कुठून आलंय त्यावर साफसफाईची पद्धत ठरवावी लागते. उद्यमबागच्या फाउंड्री आणि मशीनशॉपच्या आसपासच्या लॅपटॉपमध्ये लोखंडाची बारीक भुकटी येते. ती वीज वाहून नेते, म्हणून तिथे ब्लोअर मारून ती बोर्डभर उडवणं धोक्याचं. मऊ ब्रशने हलकेच टिपून काढावी. निपाणीकडच्या मशीनमध्ये तंबाखूची अतिबारीक पूड मिळते, उघडताच वास येतो. चिकोडी-अथणीकडे गाळप हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतली राख उडते. खानापूरच्या घाटाकडच्या भागात धूळ कमी, पण पावसाळ्याचे महिने ओल एवढी की कनेक्टरवर हिरवट थर चढतो. तिथे लॅपटॉप दिवसातून थोडा वेळ तरी चालू ठेवलेला बरा. आणि स्वयंपाकघराजवळ किंवा देवघराजवळ वापरला जाणारा लॅपटॉप कुठलाही असो, तेलाची वाफ आणि उदबत्तीचा धूर यांनी धूळ चिकट होते, ती नुसत्या हवेने निघत नाही.

उघडायचंच असेल तर आधी वॉरंटी संपली आहे ना ते बघ. संपली नसेल तर कंपनीच्याच माणसाकडून करून घे. लॅपटॉप पूर्ण बंद कर, चार्जर काढ. खालचे स्क्रू लहान-मोठे असतात. कागदावर लॅपटॉपचं चौकोनी चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लाव. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला कीबोर्डपाशी टेंगूळ येतं. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडव. तीन वर्षांच्या मशीनमध्ये बॅटरी फुगलीय का तेही त्याच वेळी बघ. टचपॅड वर उचलल्यासारखं वाटत असेल तर संशय धर. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, वापरायचीही नाही.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेव. मोकळा सोडला तर तो हवेने नको तेवढा फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. झाकण न उघडता बाहेरून जाळीत हवा मारण्याची सवय तर सोडूनच दे, आतला थर सुटून पंख्यातच अडकतो. घरातला व्हॅक्युम क्लीनर बोर्डाजवळ नको, त्याने स्थिर वीज तयार होते.

आता तुझ्या पेस्टचं कोडं. महिनाभर चांगलं आणि मग पुन्हा ९७, याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं असं की लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, उघड्या सिलिकॉनवरच हीटसिंक टेकतो. मशीन तापतं, थंड होतं, प्रत्येक वेळी दोन्ही पृष्ठभाग किंचित फुगतात-आकसतात आणि पातळ पेस्ट मधून कडेला ढकलली जाते. डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं टिकणारी पेस्ट लॅपटॉपवर थोड्याच आठवड्यांत हार मानते ती यामुळे. हीटसिंक उचलल्यावर पेस्टचा ठसा नीट बघ, पुसू नकोस. मध्यभाग उघडा, चकचकीत आणि कडेला पेस्टची वरंबी जमलेली असेल तर हेच झालंय. सगळीकडे पातळ, एकसारखा राखाडी थर असेल तर पेस्ट निर्दोष आहे. एका कोपऱ्यात जाड आणि समोरच्या कोपऱ्यात पुसट असेल तर हीटसिंक तिरका बसलाय, आणि मग जगातली कुठलीही पेस्ट लावली तरी उपयोग नाही.

तिरका का बसतो, हे दुसरं कारण. ग्राफिक्सच्या मेमरीवर आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागांवर मऊ थर्मल पॅड असतात, त्यांची जाडी ठरलेली असते: अर्धा मिमी, एक, दीड. पेस्ट बदलताना जुने पॅड फाटतात आणि हाताशी असलेले लावले जातात. अर्ध्या मिमीच्या जागी एक मिमीचा पॅड आला की हीटसिंक तेवढा उचलला जातो आणि प्रोसेसरवरचा दाब कमी होतो. लॉगमध्ये याची खूण दिसते: ग्राफिक्सचं तापमान ७५, पण हॉट स्पॉट १००. या दोहोंत दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो, पंचवीसच्या पुढे गेला तर बैठकीत गडबड. त्या दुकानात जाऊन भांडण न करता एवढंच विचार की कोणती पेस्ट लावली आणि पॅड बदलले का, बदलले तर कोणत्या जाडीचे. नीट काम करणारा माणूस याचं उत्तर देऊ शकतो.

यावेळी साध्या पेस्टऐवजी फेज-चेंज पॅड लाव असं मी सांगेन. हनीवेलचं पीटीएम७९५० हे त्यातलं नावाजलेलं. ते खोलीच्या तापमानाला घट्ट कागदासारखं असतं आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटी भरतं. कडेला ढकललं जाण्याचा दोष त्यात जवळपास नाही. सिलिकॉनच्या मापाने कापायचं, फिल्म सुटत नसेल तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचं. पहिल्या दिवशी आकडे निराश करतात, चार-सहा वेळा तापून-निवून गेलं की स्थिरावतं. मात्र नकली माल भरपूर आहे, खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घे. ते मिळालं नाही तर घट्ट जातीची पेस्ट घे आणि सिलिकॉन पूर्ण झाकेल अशी पातळ पसर. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची, पाण्याने किंवा स्पिरिटच्या नावाखाली मिळणाऱ्या कशानेही नाही. हीटसिंकच्या स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्या क्रमाने प्रत्येक थोडा-थोडा आवळत जा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलास तर तिरकेपणा तूच आणशील. लिक्विड मेटलचा मोह धरू नकोस. ते विजेचं वाहक आहे, ॲल्युमिनियमला खातं, आणि एक थेंब सरकला तर तुझा मदरबोर्ड खरोखरच जाईल.

सेटिंगमध्येही बरंच मिळवता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० किंवा ७५ ला बांध. मोकळं सोडलं तर ग्राफिक्स मेन्यूच्या पडद्यावरसुद्धा शेकडो फ्रेम काढत बसतं आणि उगाच तापतं. एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्सची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबल्यावर व्होल्टेजचा आलेख उघडतो. तिथे ८५० मिलीव्होल्टला १७०० मेगाहर्ट्झच्या आसपास रेषा आडवी कर. गेम हँग झाला तर ५० मेगाहर्ट्झ कमी करून पुन्हा बघ. वेग जवळपास तेवढाच, पण वीज बरीच कमी. प्रोसेसरचं व्होल्टेज मात्र तुझ्या मशीनवर बहुधा कमी करता येणार नाही. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, त्यानंतर कंपन्यांनी पुष्कळ लॅपटॉपवर ती सोय बंद केली. त्याऐवजी कंपनीच्या ॲपमधून किंवा थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमधून प्रोसेसरची वीजमर्यादा ठरव. सततची ४५ वॅट आणि थोड्या वेळाची ६०-६५ वॅट ठेवून बघ. गेमला प्रोसेसरचे ११५ वॅट क्वचितच लागतात. एकाच हीटपाइपवर दोघे बसलेले असतील तर प्रोसेसरने सोडलेली उष्णतेची जागा ग्राफिक्सला मिळते, आणि फ्रेम कमी होण्याऐवजी स्थिर होतात.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के करण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याने टर्बो पूर्ण बंद होतो, तापमान खाली येतं हे खरं, पण तुझा प्रोसेसर मूळ २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकतो. कूलिंग दुरुस्त होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे.

रॅम एकाच पट्टीत ८ जीबी असेल तर दुसरी तेवढीच पट्टी टाक, दोन पट्ट्या जोडीने चालण्याचा, म्हणजे ड्युअल चॅनलचा, फरक गेममध्ये स्पष्ट दिसतो. आणि क्रॅक केलेले गेम उतरवले असशील तर लॉग एकदा काहीच न करता, मशीन मोकळं ठेवूनही काढ. रिकाम्या वेळी ग्राफिक्स ऐंशी-नव्वद टक्के चालू दिसलं तर कुणीतरी तुझ्या विजेवर क्रिप्टोचं मायनिंग करतंय. असले काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात, म्हणून लॉगवर विश्वास ठेव.

कूलिंग पॅडबद्दल विचारलं होतंस. साधे पंखे लावलेला पॅड चार-पाच अंश देतो, त्यातला बराचसा फायदा लॅपटॉप उचलला गेल्यामुळेच असतो. मागच्या पायांखाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवल्यास तरी तेवढंच मिळेल. गादीवर, उशीवर ठेवून खेळणं मात्र आजपासून बंद, खालची जाळी पूर्ण बुजते. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, संध्याकाळची हवा थंड. खोलीचं तापमान जितकं कमी, साधारण तितकंच आतलं तापमान कमी. तेव्हा एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली बसून घेतलेले आकडे आणि रात्री खिडकी उघडून घेतलेले आकडे एकमेकांशी ताडू नकोस. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा लॉग एकाच वेळी, एकाच जागी काढ. खिडकी उघडताना खाली माग चालू नसेल एवढं बघ.

दुकानात देशील तेव्हा आधीचा लॉग दाखव आणि नंतरचा तिथेच समोर काढून माग. पॅडची जाडी बिलावर लिहून घे. काढलेला पार्ट परत माग, तो तुझा आहे.

आणि बोर्ड खरंच गेलाय असं कधी म्हणायचं? पुऱ्या वॅटचा अस्सल चार्जर लावला, धूळ काढली, बैठक नीट झाली, ४५ वॅटवर प्रोसेसर ८५ च्या आत राहतोय, आणि तरीही क्लॉक ८०० मेगाहर्ट्झला अडकतो व प्रॉकहॉट "हो" दाखवतो. किंवा पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी येतात. किंवा भार पडताच मशीन धप्पकन बंद होतं. तेव्हा बोर्डावर संशय घे. तेव्हाही आख्खा बोर्ड बदलण्याआधी चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडे, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग बदलणाऱ्याकडे, ने. बिघडलेला सेन्सर किंवा चार्जिंगच्या वाटेवरचा एखादा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) बदलून काम होण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याचा खर्च नव्या बोर्डाच्या तुलनेत अगदी थोडा येतो.